मुलांच्या अंगावर महिनोनमहिने उठणारं पित्त: कारण शोधत बसायचं की औषध नीट द्यायचं?

पहाटवारा (धागाकर्ती)

लेक सात वर्षांची आहे. साडेचार महिन्यांपूर्वी एका रात्री पाठ खाजतेय म्हणून रडत उठली. दिवा लावून पाहिलं तर पाठीवर, मांड्यांवर लाल गांधी. काही नाण्याएवढ्या, काही एकमेकींत मिसळून नकाशासारख्या पसरलेल्या. सकाळी शाळेची वेळ होईपर्यंत सगळं गायब. तेव्हापासून एकही आठवडा कोरडा गेलेला नाही. कधी संध्याकाळी उठतं, बहुतेकदा रात्री. दोनदा वरचा ओठ सुजला, एकदा डोळा मिटेल इतकी पापणी फुगली.

घरात प्रत्येकाचा संशयित वेगळा. सासूबाईंचा दुधावर, नवऱ्याचा कपड्यांच्या साबणावर, माझा नव्या गादीवर. साबण बदलला, गादी बदलली. मग एका ठिकाणी रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. पन्नासेक पदार्थांची यादी आली, त्यातल्या नऊ पदार्थांपुढे 'किंचित वाढलेलं' असा शेरा. नऊच्या नऊ बंद केले. त्याला सात आठवडे झाले. पित्त जिथल्या तिथे, पोरीचं वजन मात्र दीड किलोने उतरलं. परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि दारातच तिने सांगितलं, 'काकू, मला काही देऊ नका, मला काहीच चालत नाही.' हे ऐकून मी तिथेच वितळले.

सेटिरिझिनचं पातळ औषध घरात आहे. उठलं की देतो, बसलं की थांबवतो. रोज द्यायची भीती वाटते. तर विचारायचंय हे: कारण नेमकं कसं सापडतं? रोज औषध दिल्याने सवय लागते का? आणि हे जातं कधी?

सुई_दोरा

पहाटवारा ताई, तुमचं वाचताना आमचीच गोष्ट कुणीतरी लिहिलीय असं वाटलं. मुलगा आता बारा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी सुरू झालं, नवव्या वर्षाच्या आसपास गेलं. कधी गेलं ते नक्की सांगता येत नाही, कारण ते निरोप घेऊन गेलं नाही. फक्त एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस उठलेलं नाही.

आम्हीही पहिलं वर्ष वाया घालवलं, दोन प्रकारे. एक म्हणजे तुमच्यासारखी खाण्याची यादी. दुसरं म्हणजे 'उठलं की द्या'. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी शब्दशः सांगितलं होतं, 'पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारायला चढताय तुम्ही.' रोज ठरल्या वेळी द्यायला लागलो आणि तीन आठवड्यांत रात्रीची झोप परत आली. पूर्ण गेलं नाही, पण आठवड्यातून एखादी गांध आणि रोज रात्री जागरण यात फरक आहे.

अर्धवट

औषधांनी फक्त दाबलं जातं, मुळावर घाव घालायला हवा. रक्त शुद्ध झालं की पित्त आपोआप जातं. माझ्या भाच्याला असंच झालं होतं. काढा सुरू केला, तीन आठवड्यांत साफ.

खवचट_मावशी

अर्धवट, तीन आठवड्यांत तर माझं काढ्याशिवाय गेलं होतं. काढ्याला श्रेय द्यायला मी तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हते.

अवांतर: आपल्या भाषेनेच या आजाराचा घोळ करून ठेवलाय. 'पित्त' म्हटलं की आपल्याला आंबट ढेकर आणि जळजळ आठवते. 'अंगावर पित्त' म्हटलं की तेच पित्त पोटातून वर येऊन कातडीत शिरलं असं वाटतं. मग मुलांना आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू होतात. त्या दोहोंचा संबंध नावापुरता.

कॉरिडॉर

बालरोग विभागात काम करतो, त्वचारोगाची ओपीडीही बघतो. हे सगळं समजून घेण्यासाठी वाचा, मुलीचं औषध तिला तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

आधी अर्धवट यांच्या भाच्याबद्दल, कारण मुद्दा तिथेच आहे. पित्त सहा आठवड्यांच्या आत गेलं तर त्याला तात्कालिक म्हणतात, सहा आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज उठत राहिलं तर जुनाट. मुलांमधलं तात्कालिक पित्त बहुतेकदा एखाद्या विषाणूच्या संसर्गाच्या मागोमाग येतं आणि काही न करता जातं. त्या तीन आठवड्यांत जे काही दिलं, त्याला यश मिळतंच. पहाटवारा यांच्या मुलीचं साडेचार महिन्यांचं आहे, तो प्राणी वेगळा.

आता कातडीत काय होतं ते. त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टमिनच्या पिशव्या भरलेल्या असतात. त्या फुटल्या की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी आजूबाजूला झिरपतं, तीच गांध. नसांना चेतवल्याने खाज. हेच थोडं खोल, ओठांच्या किंवा पापण्यांच्या मऊ भागात झालं की सूज. तिला उतरायला दोन-तीन दिवसही लागू शकतात, गांध मात्र एका जागी चोवीस तासांच्या आत मावळते.

प्रश्न असा की पिशव्या फोडतं कोण. जुनाट पित्तात बऱ्याच मुलांमध्ये बाहेरचं कुणीच नसतं. त्यांच्याच रक्तातली प्रतिद्रव्यं मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि पेशी उघडते. म्हणूनच या प्रकाराला 'स्वयंस्फूर्त' म्हणतात. साबण नाही, गादी नाही, दूध नाही. आयांना हे ऐकून निराशा येते हे मला माहीत आहे, कारण दोषी सापडला तर त्याला घराबाहेर काढता आलं असतं.

खाण्याबद्दल एक साधी कसोटी सांगतो. अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीत तो पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत प्रतिक्रिया येते, दर वेळी येते, आणि काही तासांत ओसरते. जे मूल रोज वेगवेगळं खाऊन रोज रात्री दोन वाजता खाजवत उठतं, त्याच्या बाबतीत ही गोष्ट जुळत नाही. रक्तातलं 'किंचित वाढलेलं' आयजीई (ॲलर्जीत भाग घेणारं प्रतिद्रव्य) म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला, एवढंच. ओळख म्हणजे ॲलर्जी नव्हे. पन्नास पदार्थ एकदम तपासले की काहीतरी वर दिसणारच. म्हणून जुनाट पित्तात इतिहास तसा नसेल तर अशा मोठ्या याद्या तपासू नयेत. ताई, आधी खाल्लेलं मुलीला व्यवस्थित पचत होतं ना? मग ते नऊ पदार्थ परत सुरू करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. फार दिवस बंद ठेवलेला पदार्थ कधी कधी परत देताना खरंच त्रास देतो, म्हणून विचारून करा. पण दीड किलो उतरणं ही गांधींपेक्षा मोठी गोष्ट आहे.

पहाटवारा

कॉरिडॉर सर, पचत होतं. सगळंच. मग आमच्या हातून तिला उगाच उपाशी ठेवलं गेलं म्हणायचं का?

कॉरिडॉर

सर नको. आणि उगाच नाही, तुमच्या हातात जो कागद दिला गेला त्याप्रमाणे केलंत. मला तो कागद ज्याने दिला त्याच्याशी बोलायला आवडेल.

गणितवाला

सवयीने मी आकडे मागतो. या आजारात बरं-वाईट मोजायला एक सोपी पद्धत आहे, यूएएस-७ म्हणतात. रोज दोन आकडे. गांधी नाहीत तर ०, वीसपेक्षा कमी १, वीस ते पन्नास २, त्याहून जास्त किंवा मोठमोठे एकत्र झालेले चट्टे ३. खाजही ० ते ३. दिवसाचे जास्तीत जास्त ६, आठवड्याचे ४२. बेरीज ६ किंवा कमी असेल तर आजार चांगला आवाक्यात. २८ किंवा त्याच्या वर गेली की तीव्र.

आमच्या पोराच्या वेळी मला वाटायचं औषधाचा काही उपयोग होत नाही. तक्ता मांडला तर बेरीज ३१ वरून १३ वर आली होती. माणूस वाईट रात्री लक्षात ठेवतो, बऱ्या रात्री त्याला झोप लागलेली असते.

दुसरं, फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी हमखास मावळलेल्या असतात आणि डॉक्टरांसमोर आपण खोटं बोलतोय असं वाटतं. एका गांधीभोवती पेनाने गोल करा, वेळ लिहा, दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनंतरही तिथेच असेल, दुखत असेल, किंवा जाताना निळसर डाग ठेवत असेल तर डॉक्टरांना तो फोटो जरूर दाखवा.

कॉरिडॉर

गणितवाला यांना अनुमोदन. तशी रेंगाळणारी गांध असेल तर रक्तवाहिन्यांची सूज आहे का हे बघायला त्वचेचा छोटा तुकडा तपासावा लागतो. आणखी एक गोष्ट वेगळी: गांधी कधीच नाहीत, फक्त वारंवार सूज येते, तर तो हाच आजार असेल असं नाही. तिथे आनुवंशिक प्रकार बघायला सी-४ नावाची रक्ततपासणी करतात, कारण त्यावर हिस्टमिनविरोधी औषधं चालत नाहीत. अगदी बाळपणापासून गांधी, जोडीला ताप आणि सांधेदुखी असेल तरीही वेगळा विचार. बाकी नेहमीच्या जुनाट पित्ताला तपासण्या थोड्याच लागतात: साधी रक्तपेशींची मोजणी, शरीरात दाह आहे का ते दाखवणारी सीआरपी किंवा ईएसआर, गरज वाटली तर थायरॉईड. थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्यं अशा मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतात.

आता उपचार. पाया एकच: दुसऱ्या पिढीची, झोप न आणणारी हिस्टमिनविरोधी औषधं. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, डेस्लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे. कोणतं कितव्या वर्षापासून चालतं ते वेगवेगळं आहे. रोज, खाज असो वा नसो. हे औषध हिस्टमिनची बसायची जागा अडवतं. आधीच बसलेल्याला उठवायला त्याला कष्ट पडतात, म्हणून आधी देणं महत्त्वाचं. सवय लागत नाही. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन बरेच महिने घेऊन अचानक थांबवलं तर काहींना काही दिवस जोराची खाज सुटते. ते व्यसन नव्हे, पण थांबवताना डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायचं, एवढंच.

दोन ते चार आठवड्यांत पुरेसा गुण आला नाही तर तेच औषध वाढवतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नेहमीच्या मात्रेच्या चौपटीपर्यंत मुभा आहे, मुलांमध्ये वजनाप्रमाणे आणि देखरेखीखाली. हे वाचून कुणी घरी बाटलीचं झाकण चौपट भरू नये. पण दोन वेगवेगळी औषधं एकत्र करण्यापेक्षा एकच नीट वाढवणं बरं, हा मुद्दा बऱ्याच घरांत आणि काही दवाखान्यांतही पोचलेला नाही.

जुनी गुंगी आणणारी औषधं, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, ही महिनोनमहिने देऊ नयेत. मूल झोपतं म्हणून गुण आला असं वाटतं. खरं तर झोपेचा पोत बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मूल बधिर बसतं. स्टिरॉइडचा गुण झटपट दिसतो, म्हणून मोह होतो. फार भडकलं तर मोजके दिवस ठीक, पण थांबवलं की पित्त परत. मुलांना ते महिनोनमहिने दिलं तर उंची, वजन, हाडं सगळ्यांवर परिणाम.

सुई_दोरा

आमच्याकडे फेक्सोफेनाडिन होतं आणि आम्ही ते गोड लागावं म्हणून फळांच्या रसातून द्यायचो. सहा आठवडे 'उपयोगच नाही' म्हणत होतो. शेवटी औषध देणाऱ्या बाईंनी विचारलं, कशाबरोबर देता? संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने ते शरीरात नीट शोषलंच जात नाही. पाण्याबरोबर द्यायला लागलो आणि फरक दिसला. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही मात्रा वाढवायच्या बेतात होतो.

पहाटवारा

मागच्या महिन्यात तिला ताप होता तेव्हा आयबुप्रोफेन दिलं होतं. त्याच रात्री ओठ सुजला. संबंध असेल का?

कॉरिडॉर

असू शकतो. जुनाट पित्ताच्या काही रुग्णांत आयबुप्रोफेन आणि त्या गटातली वेदनाशामकं आजार भडकवतात. तापही भडकवतो, त्यामुळे दोहोंपैकी कोण हे एका प्रसंगावरून कळत नाही. डॉक्टरांना सांगा, तोवर तापाला पॅरासिटामॉल वापरा.

शेवटचा_बाक

मी सोळा वर्षांचा आहे. इथे सगळे आईबाप दिसतायत, म्हणून म्हटलं एक पेशंटपण लिहू दे.

मला तेराव्या वर्षी सुरू झालं. गांधींपेक्षा लोकांचा जास्त त्रास. 'पसरतं का?' हा प्रश्न मी एका वर्षात इतक्यांदा ऐकला की शेवटी मी उत्तर द्यायचो, 'हो, जास्त बोललं की.' पसरत नाही, लावून घेऊ नका. परीक्षेच्या हॉलमध्ये दंडावर एक गांध उठली की बाकीच्या तासभर मेंदू तिथेच असतो. आई बघत नसताना थंड बाटली लावायचो, त्याने खाज जरा दबते. गरम पाण्याची आंघोळ मात्र शिक्षा.

गोळ्या चौपटपर्यंत गेल्या तरी माझी बेरीज वीसच्या खाली येईना. मग ओमॅलिझुमॅब सुरू केलं. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन, पहिल्या वेळी दवाखान्यात बसवून ठेवतात. काहींना आठवड्याभरात फरक पडतो म्हणतात, मला तिसऱ्या इंजेक्शननंतर पडला. तोपर्यंत आई रोज विचारायची, 'आज?' तेवढं विचारू नका प्लीज. आपण सांगू ना उठलं तर.

गणितवाला

शेवटचा_बाक, तुझा शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून आमच्या फ्रिजवर लावतोय.

कॉरिडॉर

ओमॅलिझुमॅब मुळात दम्याचं. जुनाट पित्तासाठी त्याला २०१४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली, बारा वर्षांपासून पुढे. रक्तात फिरणाऱ्या आयजीईला ते पकडून ठेवतं. काहींना पहिल्या आठवड्यांतच गुण, काहींना सहा महिने थांबावं लागतं. बाराखालच्या मुलांना तज्ज्ञ निवडून देतात, पण सात वर्षांच्या मुलीला आत्ता त्याचा विचार करायची वेळ आलेली नाही. अजून तिला साधं औषध रोज मिळालेलंच नाही.

निळी_छत्री

माझ्या मुलाचा प्रकार वेगळा, तरी इथे लिहिते. त्याला थंडीने उठतं. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं, गार वाऱ्याने गालावर दोन गांधी येतात म्हणून काय. मग पोहायच्या तलावात उतरला, पाच-सात मिनिटांत पूर्ण अंग लाल, बाहेर आला तर चक्कर येऊन खाली बसला. नशिबाने काठाशी होता. नंतर तपासलं, हातावर बर्फाचा तुकडा पाच मिनिटं ठेवला, काढल्यावर त्याच आकाराची चौकोनी गांध. आता एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आणीबाणीत टोचायचं ॲड्रेनॅलिनचं पेन जवळ असतं.

कॉरिडॉर

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. थंडी, घाम, दाब, ऊन, घासणं, यांनी उठणारे प्रकार वेगळे, तिथे कारण खरंच सापडतं. पाठीवर बोट ओढून रेघ उमटते का बघा, तो सगळ्यांत नेहमीचा. आणि सगळ्यांसाठी: आवाज घोगरा होणं, श्वासाला त्रास, पुन्हा पुन्हा उलट्या, गळून जाणं, यांपैकी काही झालं तर धागा वाचत बसू नका, तातडीच्या विभागात जा.

खवचट_मावशी

दुसरं अवांतर: मास्ट (जर्मनमध्ये चारून पुष्ट करणं) हे नाव पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दिलं. पेशींच्या पोटात इतके दाणे भरलेले दिसले की त्याला वाटलं, या खाऊन खाऊन गुबगुबीत झाल्यात. पुढे १९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांनी पहिलं हिस्टमिनविरोधी औषध शोधलं. त्यांना १९५७ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. म्हणजे काढ्यांच्या बाजूने निकाल अजून प्रलंबित आहे.

अर्धवट

मावशी, पुरे. काढ्याचा मुद्दा मागे घेतो. पण 'हे जातं कधी' याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

कॉरिडॉर

बरोबर. मुलांमध्ये बहुतेकदा जातं, पण तारीख देत नाही. थायलंडमधल्या मुलांचा २०१४ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यात वर्षभरात साधारण १८ टक्के, तीन वर्षांत ५४ टक्के आणि पाच वर्षांत ६८ टक्के मुलं मोकळी झाली. कॅनडातल्या एका अभ्यासात वेग बराच कमी होता, वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास. औषधाने हा काळ कमी होतो असं मी सांगणार नाही. तो काळ मूल झोपून, शाळेत जाऊन, सगळं खाऊन काढतं, हे औषधाचं काम. सुई_दोरा यांच्या मुलाची तीन वर्षं म्हणजे अगदी मधली गोष्ट.

पहाटवारा

दहा आठवड्यांनी परत लिहितेय.

नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिले, तपासण्या चारच सांगितल्या, नऊ पदार्थ दोन-दोन करून परत सुरू करायला लावले. एकाचाही त्रास झाला नाही. औषध रोज संध्याकाळी सातला. पहिल्या आठवड्याची बेरीज २६ होती. तिसऱ्यापर्यंत १९. मग त्यांनी मात्रा दुप्पट केली, दोन आठवड्यांनी ८. मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात शाळेतून सर्दी-ताप घेऊन आली आणि बेरीज थेट २१. त्या रात्री मी पुन्हा गादीकडे संशयाने बघत होते, खोटं का बोलू. आठ दिवसांत आपोआप ११ वर आली.

आता ५-६ च्या आसपास आहे. वजन परत आलंय, वर पाव किलो व्याज. डॉक्टर म्हणाले, किमान तीन महिने पूर्ण शांत जाऊ देत, मग हळूहळू कमी करून बघू, परत उठलं तर परत वाढवू, त्यात हार वगैरे काही नाही.

शेवटचा_बाक, 'आज?' विचारणं बंद केलंय. तक्ता तीच भरते. आकडे तिच्या अक्षरात, खाजेच्या रकान्यात शून्याला डोळे आणि हसरं तोंड काढते. या आठवड्यात मंगळवार-बुधवारचे रकाने रिकामे दिसले. विचारलं तर म्हणाली, 'विसरले गं, काही झालंच नव्हतं.'

गणितवाला

रिकामा रकाना शून्य धरू नका, बेरीज चुकेल. मंगळवार-बुधवार तिच्याकडून भरून घ्या.

सुई_दोरा

गणितवाला, तुम्ही ना…

ताई, सातचं औषध तेवढं विसरू देऊ नका.